स्वतःचा नकाशा खोडणाऱ्या बाई

डॉ. शैलजा ठोंबरे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते मोहोपाड्याला, आमच्या कामगार वसाहतीच्या सभागृहात. मी तेव्हा तिथल्या एका रासायनिक कारखान्याच्या तपासणी प्रयोगशाळेत नोकरीला होते. वसाहतीतल्या हौशी मंडळींनी एका रविवारी सकाळी वन्यजीवांवर व्याख्यान ठेवले होते. बिबट्याचे फोटो बघायला मिळतील म्हणून बरीच कुटुंबे आली होती. मीही त्याच आशेने गेले होते.

बाई आल्या त्या सुती साडी आणि पायांत कॅनव्हासचे बूट अशा वेशात. पडद्यावर त्यांनी कर्जत आणि खालापूर तालुक्यांचा एक नकाशा लावला. काही भाग गडद हिरवा, काही फिकट, काही अगदी कोरा. त्या म्हणाल्या, "आपल्याकडे पिसोरी नावाचा एक प्राणी आहे. लोक त्याला हरीण म्हणतात, पण तो असतो सशाहून जरासा मोठा. फार लाजरा, क्वचितच दिसतो. ही पिसोरी कुठे कुठे राहत असावी याचा अंदाज संगणकावरच्या मॉडेलनं केलाय, तो हा नकाशा. गडद हिरवं म्हणजे असण्याची शक्यता जास्त. हा मी तयार केलाय. आता तो कुठे चुकलाय हे शोधायला मला माणसं हवी आहेत."

सभागृहात थोडा हशा पिकला. लोकांना तो विनोद वाटला. चहाच्या वेळी मी धीर करून त्यांच्याजवळ गेले आणि विचारले, "नकाशा चुकलाय हे तुम्हाला आधीच कसं ठाऊक?"

त्यांनी उलट मलाच विचारले, "तुम्ही काय काम करता?"

मी सांगितले.

"मग तुमच्या कारखान्यात माल बनवणाराच माल पास करतो का?"

"नाही. म्हणून तर आम्हाला ठेवलंय."

"मग मी तरी माझा नकाशा कसा पास करू?" असे म्हणून त्यांनी बशीतले बिस्किट माझ्यापुढे केले. पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर डोंगरात होते. त्याला आता बरीच वर्षे झाली. त्यांचे विद्यार्थी त्यांना मॅडम म्हणतात. मी विद्यार्थिनी नव्हते, म्हणून बाई म्हणू लागले, आणि आजही तेच म्हणते.

बाईंच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या संशोधनाबद्दल जाणकार मंडळी लिहितीलच. माझा तो अधिकार नाही. मी जवळून पाहिलेली एकच हकिगत सांगणार आहे, कारण बाई कोण आहेत ते मला त्या हकिगतीतून कळले.

बाईंचे माहेर खालापूर तालुक्यातले. भातशेती करणारे घर, गाव म्हसोबाच्या डोंगराच्या पायथ्याशी. त्या कर्जतला महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायला लागल्या आणि तिथेच स्थायिक झाल्या, पण गाव सुटले नाही. थोरले बंधू दत्तात्रेय शेती सांभाळत. आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, बाई सुट्टी काढून जात, गुडघाभर चिखलात उभ्या राहत, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात नखांत चिखल घेऊन शिकवत. संगणकावरची मॉडेल्स त्या शिकल्या ते पुष्कळ उशिरा, आपल्याच विद्यार्थ्यांच्या शेजारी बाकावर बसून. त्याचा संकोच त्यांना कधी वाटला नाही.

पिसोरीच्या त्या नकाशाचे तेव्हा खूप नाव झाले होते. ज्या ज्या ठिकाणी पिसोरी दिसल्याची खात्रीची नोंद होती, ती ठिकाणे मॉडेलला दिली की तिथला पाऊस, उतार, झाडी, पाणी यांवरून तशीच जागा आणखी कुठे आहे ते मॉडेल शोधून काढते. थोड्या नोंदी बाजूला लपवून ठेवायच्या आणि मॉडेल त्या ओळखते का हे बघायचे, ही त्याची नेहमीची परीक्षा. बाईंचे मॉडेल या परीक्षेत उत्तम गुणांनी पास झाले होते. त्या नकाशात सर्वांत गडद हिरवा होता म्हसोबाचा डोंगर.

त्याच सुमारास एक सरकारी समिती नेमली गेली. या दोन तालुक्यांत पिसोरीसाठी एखादे क्षेत्र राखून ठेवावे, तिथे बांधकामाला मनाई करावी, असा विचार होता. समितीने बाईंचा नकाशा पुढ्यात घेतला आणि म्हसोबाच्या डोंगरावर बोट ठेवले. गावात आनंदीआनंद झाला. डोंगराच्या उतारावर बंगल्यांसाठी जमिनी घ्यायला माणसे फिरू लागली होती, आणि गावाला ते नको होते. गावाचे झरे त्याच डोंगरातून येतात. आपल्या शैलाने डोंगर वाचवला, असे दत्तूदादा ज्याला त्याला सांगत होते. समितीसमोर बाईंनी फक्त होकार द्यायचा बाकी होता.

त्या दिवसांत एकदा बाईंनी मला कर्जतच्या घरी बोलावले. जेवणाच्या टेबलावर त्यांनी नकाशा पसरला होता आणि त्यावर पारदर्शक कागद. त्या कागदावर त्यांनी रस्ते, पायवाटा आणि सहलीला येणाऱ्यांच्या नेहमीच्या वाटा रंगवल्या होत्या.

"सुजाता, पिसोरी दिसल्याचे ठिपके बघ. आणि या वाटा बघ."

मी पाहिले. जवळजवळ प्रत्येक ठिपका कुठल्या ना कुठल्या वाटेला चिकटून होता. माथेरानच्या बाजूला तर ठिपक्यांची रांगच होती.

"आपलं मॉडेल पिसोरी कुठे राहते हे शिकलेलंच नाही," बाई म्हणाल्या. "हौशी माणसं कुठे फिरायला जातात हे शिकलंय. आणि मी परीक्षा घेतली तीही त्याच वाटांवरच्या ठिपक्यांची. वर्गात सोडवून घेतलेलीच गणितं पेपरात घातली. पोरगं पास होणारच."

मग त्यांनी खरी परीक्षा घेतली. माथेरानच्या बाजूचा सगळा मुलूख मॉडेलपासून लपवला, उरलेल्या भागावरून त्याला शिकवले आणि लपवलेल्या भागाबद्दल विचारले. नंतर उलट बाजूने तसेच. मॉडेल दोन्ही वेळा साफ गडबडले. एकही नोंद नसलेल्या डोंगराला ते गडद हिरवा रंग देत होते, आणि खात्रीच्या नोंदी असलेल्या जागा कोऱ्या सोडत होते. बाईंनी संगणक बंद केला. मला वाटले त्या खचल्या. त्या उठल्या आणि चहा ठेवायला गेल्या. स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, "बरं झालं, आत्ताच कळलं."

समितीच्या बैठकीला मी त्यांच्यासोबत गेले होते. अध्यक्षांनी कौतुकाचे दोन शब्द बोलून नकाशाला बाईंची संमती मागितली. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हा नकाशा मी मागे घेते. तो भरवशाचा नाही. म्हसोबाच्या डोंगरात पिसोरी आहे असं मी आज सांगू शकत नाही. मला प्रत्यक्ष तपासू द्या."

अध्यक्ष चकित झाले. "बाई, हा तुमचाच नकाशा ना? आणि डोंगरही तुमच्याच गावचा."

"दोन्ही माझेच," बाई म्हणाल्या.

त्या वर्षीचा हिवाळा आणि उन्हाळा आम्ही त्या डोंगरात काढला. जनावर समोरून गेले की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे आम्ही झाडांना बांधले, झऱ्यांपाशी, खडकांच्या कपारींत, कारवीच्या रानात. कॅमेऱ्यांच्या जागा बाईंनी नकाशाच्या रंगांवरून ठरवल्या नाहीत आणि आपल्या आवडीवरूनही नाहीत. चिठ्ठ्या टाकून ठरवल्या, म्हणजे मन कुठे झुकायला नको. एखादी चिठ्ठी उभ्या कड्याखालची निघाली तरी त्या तिथे जात. मी दमून खाली बसले की त्या वरून हाक मारत, "ये गं, इथे वारा चांगला आहे."

फोटोंत रानडुकरे आली, भेकर आले, साळिंदर आले, एकदा बिबट्याही आला. पिसोरी आली नाही. पुढच्या हिवाळ्यात आम्ही जागा बदलून पुन्हा कॅमेरे लावले. तरीही नाही. बाईंनी समितीला कळवले, की दिसली नाही म्हणजे नाहीच असे म्हणता येत नाही, पण इतक्या शोधानंतर इथे ती असण्याची शक्यता फारच कमी आहे. झऱ्यांसाठी आणि इतर प्राण्यांसाठी हा डोंगर राखावा, असेही त्यांनी आवर्जून सांगितले. पण समिती पिसोरीपुरती होती. डोंगराचे नाव वगळले गेले.

त्यानंतर गावाच्या देवळात बसलेली बैठक मी विसरणार नाही. बाईंना कोणी बोलावले नव्हते. त्या आपणहून गेल्या आणि मला घेऊन गेल्या. सगळ्यांच्या देखत दत्तूदादा बोलले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागत होते.

"शैले, तुला काय कमी केलं गं आमी? डोंगर वाचत व्हता. तुला खोटं बोलायचं पन नव्हतं. नुसती गप बसली आसतीस तरी भागलं आसतं."

बाई इतर वेळी आमच्याशी पुस्तकी मराठी बोलतात. त्या दिवशी त्या गावच्या बोलीत उत्तरल्या. "दादा, मला ठावं आसताना गप बसनं म्हंजे खोटंच की रं. आज म्हसोबासाठी खोटं बोलले, तर उद्या माजं खरं कोन ऐकंल?"

"उद्याचं उद्या. आज आमचा डोंगर गेला, ते बघ."

खाली मान घालून बाई ऐकत बसल्या आणि सगळे उठल्यावर उठल्या. त्या वर्षी आवणीला त्यांना घरातून निरोप आला नाही. तरी त्या गेल्या. दादांनी जेवायला वाढले, पण बोलले नाहीत.

डोंगराच्या एका उतारावर पुढे बंगले झाले, भोवती भिंती आल्या. एक झरा आटला. आम्ही त्या रस्त्याने जात असू तेव्हा बाई खिडकीतून तिकडे बघत. एकदा मी त्यांना विचारले, "बाई, वाईट वाटतं का?"

"रोज वाटतं," त्या म्हणाल्या. "पण मला वाईट वाटतं म्हणून पिसोरी तिथे राहायला येत नाही ना."

दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. बाई थांबल्या नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की मॉडेलने जिथे 'आहे' म्हटले तिथे ते चुकले, तर जिथे 'नाही' म्हटले तिथेही ते चुकलेच असणार, आणि ती चूक कोणी तपासत नाही, कारण कोऱ्या जागेकडे जातो कोण? त्यांनी पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या, या वेळी नकाशाच्या कोऱ्या भागांतून. एक चिठ्ठी निघाली कशेळ्याच्या पुढच्या डोंगरातली. कशेळ्यापर्यंत एसटी, पुढे जीप, आणि त्यापुढे पायी. सहलीची माणसे तिथे जात नाहीत. उपग्रहाच्या चित्रात ते नुसते झुडपी रान दिसते. आणि त्या रानातून एक नवा रुंद रस्ता काढायचे तेव्हा ठरत होते.

प्रत्यक्षात तिथे करवंदाच्या इतक्या दाट जाळ्या होत्या की वाकल्याशिवाय आत शिरता येत नव्हते. आत दगडांच्या कपारी, आणि उन्हाळ्यातही वाहणारा बारीक झरा. कॅमेरे बांधून आम्ही परतलो. काही आठवड्यांनी बाईंच्या घरी, त्याच जेवणाच्या टेबलावर, कॅमेऱ्यांची कार्डे एकेक करून संगणकाला लावत बसलो होतो. हलणारे गवत, मोर, मुंगूस, पुन्हा गवत. मी कंटाळून पुढचा फोटो उघडला आणि हात थांबला.

तपकिरी अंग, त्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी, पेन्सिलीएवढे पाय, मोठे काळे डोळे. पुढच्या फोटोत तिच्या पोटाखालून आणखी एक तसलेच तोंड बाहेर आलेले. पिल्लू.

मी बाईंकडे पाहिले. त्यांनी चष्मा काढला होता. इतकी वर्षे पिसोरीचा माग काढत फिरलेल्या त्या बाई पडद्याला हात लावायला गेल्या आणि न लावताच हात मागे घेतला. मला त्या क्षणी मोठ्याने बोलायचीही भीती वाटली, जणू फोटोतले जनावर पळून जाईल. मग त्या म्हणाल्या, "आता आजूबाजूला लाव कॅमेरे. एका फोटोवरून काही बोलायचं नाही."

आम्ही लावले. त्या रानात ती पुन्हा पुन्हा आली, वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या ऋतूंत. नकाशाने ठामपणे कोऱ्या सोडलेल्या जागेत पिसोरीची पिढी वाढत होती, आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता. आपल्या पायाखालच्या तालुक्यात आपल्याला किती कमी माहीत असते, या विचाराने मी त्या वेळी अक्षरशः दबून गेले होते. आजही त्या रानात शिरताना मी आपोआप हळू चालते.

बाई पुन्हा समितीपुढे गेल्या. तो नवा रस्ता हवा असलेले लोकही हजर होते. त्यांच्यातले एक गृहस्थ म्हणाले, "या बाईंचा नकाशा एकदा खोटा ठरलाय. आता यांचं आम्ही का मानायचं?"

बाई काही बोलणार तेवढ्यात अध्यक्षांनीच हात वर केला. ते म्हणाले, "तो खोटा ठरवला कोणी? यांनीच. जी बाई आपल्या माहेरच्या डोंगराला माझ्यासमोर 'नाही' म्हणाली, ती आज 'आहे' म्हणत असेल, तर ते नाकारायला माझ्याकडे कारण नाही."

रस्ता पुढे वळवून रानाबाहेरून जाणाऱ्या जुन्या वाटेने नेण्यात आला, आणि ते रान राखले गेले. देवळात बाईंनी दादांना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले. मात्र त्या स्वतः तसे कधी म्हणाल्या नाहीत. मी एकदा म्हटले, तर त्यांनी मला गप्प केले. "म्हसोबा गेला ते गेलाच, सुजाता. त्याचा हिशेब यात मिळवू नकोस."

दत्तूदादा त्यानंतर एकदा कर्जतला आले. हातात नव्या तांदळाची पिशवी होती. मी तिथेच होते. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "कशी दिसते गं ती? दाव तरी."

बाईंनी फोटो दाखवला. दादांनी पुढे वाकून पाहिले.

"येवढीशी?"

"येवढीशीच."

"आपल्या डोंगरात पयली व्हती का गं? आपुन ल्हान व्हतो तवा?"

असे वाटले, की आता बाई 'असेल' म्हणतील. म्हणायला हरकत नव्हती. भावाला तेवढाच दिलासा मिळाला असता. बाई म्हणाल्या, "मला म्हाईत नाय, दादा."

दादांनी मान हलवली. "डोंगराचं दुख हाय ते हाय," ते म्हणाले, आणि मग जरा थांबून, "आवणीला ये. या बाईंना पन आन."

बाईंच्या या कठोर खरेपणामुळे कोणाला त्या रुक्ष वाटतील, म्हणून एवढे सांगायलाच हवे. माझे यजमान पनवेलच्या रुग्णालयात होते तेव्हा डोंगरातल्या माझ्या वाटणीच्या कॅमेऱ्यांची फेरी बाईंनी महिनाभर स्वतः केली, आणि परतताना त्या रुग्णालयात येऊन तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी ठेवून जात. मला भेटण्यासाठी थांबतही नसत, उगीच उपकार वाटायला नकोत म्हणून. त्यांची एक संशोधक विद्यार्थिनी प्रबंध द्यायच्या तोंडावर रडत आली होती. धनेश पक्ष्यांवरचे तिचे मॉडेल नव्या भागात सपशेल फसले होते. बाईंनी तिला शेजारी बसवून घेतले, आधी जेवायला घातले, आणि म्हणाल्या, "फसलं कुठे आणि का, हे तुला कळलंय ना? मग हेच तुझं पहिलं प्रकरण." तो प्रबंध तसाच लिहिला गेला. आज ती मुलगी स्वतः शिकवते आणि आपल्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी तेच प्रकरण वाचायला देते.

हा ग्रंथ काढायचे ठरले तेव्हा आम्ही बाईंची परवानगी घ्यायला गेलो. त्यांनी पुष्कळ आढेवेढे घेतले. शेवटी एका अटीवर कबूल झाल्या. त्यांचे नकाशे छापायचे असतील तर प्रत्येक नकाशा कुठे चुकला तेही शेजारच्या पानावर छापायचे. संपादकांनी ती अट पाळली आहे. मानपत्रासारख्या ग्रंथात सत्कारमूर्तींच्या चुका सत्कारमूर्तींच्याच आग्रहावरून छापलेल्या मी तरी दुसरीकडे पाहिल्या नाहीत. ती पाने उलटताना माझे हात जोडले गेले.

शैलजाबाई, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य मिळो. तुमचे गुडघे तुम्हाला कडे चढू देवोत, तुमची नजर करवंदाच्या जाळीत शिरत राहो. तुम्ही यापुढेही खूप नकाशे काढा. त्यांतले पुष्कळ चुकोत, आणि ते कुठे चुकले हे शोधायला प्रत्येक वेळी तुम्ही स्वतः पुढे चाला. मागून यायला आम्ही आहोत.